मास्तरांची वाटी आणि संध्याकाळचं इंटरनेट

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याला मास्तर भेटले नसणार. मास्तरांचं, त्यांच्या बायकोचं आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचं असं तिघांचं पोट गेली कित्येक वर्षं दात कोरण्यावरच भरत होतं. मुलगा लांबच्या गावी नोकरीला होता, तोही या दातांवरच शिकला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मास्तर कवळ्या करत. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचा बाकडा, त्यावर घासायचं यंत्र, छोटा बर्नर आणि सगळ्यावर गुलाबी भुकटीचा थर. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. नवा माणूस खोलीत आला की त्याला वाटायचं, आपल्याकडे बघून ही सगळी मंडळी हसतायत.

चौघंपाच जण त्यांच्या हाताखाली शिकून गेले म्हणून ते मास्तर झाले, आणि मास्तरांची बायको म्हणून त्या मास्तरीणबाई. वास्तविक मेणात दात लावायचं काम, म्हणजे ज्यावर कवळीचं रूप ठरतं ते काम, मास्तरीणबाई करायच्या. मागच्या खोलीत, पंख्याखाली, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून. पण डबीवरच्या चिठ्ठीवर नाव मास्तरांचं, डॉक्टर लोक वाखाणणार तेही मास्तरांना, आणि मास्तर ते वाखाणणं "असू दे, असू दे" म्हणत एकटेच घेऊन टाकायचे. त्यात त्यांना काही गैर करतोय असं कधी वाटलं नाही. गैर वाटायला आधी लक्षात यावं लागतं.

मास्तरांच्या घरात वेळ घड्याळात मोजत नसत, वाटीत मोजत. प्लॅस्टर कालवायची हिरव्या रबराची एक वाटी होती. तीत पाणी घातलं, भुकटी टाकली, कालवलं, की नऊ मिनिटांत प्लॅस्टर नखाला लागेनासं होतं. ती एक वाटी. चहा टाकू का विचारलं की "अर्धी वाटी थांब." कुरिअरवाल्याला "दोन वाट्यांनी ये." सून लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिला वाटत होतं की या घरात सगळे सारखे काहीतरी खायला मागतात.

या वाटीने एका बाबतीत मात्र मास्तरांचा हिशेब चुकवला होता. मास्तरीणबाईंचा उजवीकडचा वरचा एक दात चार वर्षांपूर्वी काढावा लागला. हसलं की दिसेल अशी जागा. "माझा एक करून द्या हो," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. "अर्धी वाटी थांब," मास्तर म्हणाले होते. तेव्हापासून मास्तरीणबाई हसताना तोंडावर हात धरत, आणि मास्तर जगाचे दात करत.

त्या जगाचे चेहरे मात्र मास्तरांनी कधी पाहिले नव्हते. त्यांच्याकडे माप यायचं, आकडा यायचा, आणि डबीतून कवळी जायची. ती कोणाच्या तोंडात गेली, तो माणूस आरशासमोर काय म्हणाला, हे दवाखान्यात राहायचं. तीन दशकांत मास्तरांनी हजारो हसू बनवली, पाहिलं एकही नाही.

तर अशा घरात एके दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः तीन जिने चढून आल्या. मास्तरांचं निम्मं काम त्यांच्या एकट्या दवाखान्यातून येई, त्यामुळे त्या धापा टाकत आल्या हे बघूनच मास्तरांनी यंत्र बंद केलं. चांगली बातमी फोनवरही देता येते.

"मास्तर, मी तोंडात फिरवायचा कॅमेरा घेतलाय," त्या म्हणाल्या. "आता मापाचा लगदा बंद. पेशंटच्या तोंडात कॅमेरा फिरवायचा, जबडा कॉम्प्युटरवर उतरतो, तो इंटरनेटने तुमच्याकडे. तुमच्याकडे सूनबाई आहे, तिच्याकडे कॉम्प्युटर आणि जबडा छापायचं छोटं यंत्र आहे, तिला सगळं येतं."

"आणि मग?"

"मग तुम्ही मेणात दात लावायचे, सूनबाई त्याचं सगळ्या बाजूंनी चित्र घेईल, आणि पेशंट माझ्या खुर्चीत असेल तेव्हा ते मला परत पाठवायचं. पेशंटने हो म्हटलं की कवळी पक्की करायची. माझा दवाखाना संध्याकाळचा, तेव्हा हे सगळं सात ते आठमध्ये."

"आणि समजा, नाही जमलं?"

डॉक्टरीणबाईंनी फळीवरच्या जबड्यांकडे बघितलं. "मोठ्या शहरातली एक लॅब मागे लागलीय. त्यांच्याकडे सगळं आहे. तुमच्यासारखा हात नाही, पण बाकी सगळं आहे. पंधरा दिवस बघूया, मास्तर. मलाही वाईट वाटेल."

त्या गेल्यावर मास्तर बराच वेळ यंत्राशी बसून राहिले, यंत्र बंद ठेवून. निम्मं काम गेलं तर दोन खोल्या ठेवायच्या कशाला, आणि खोल्या सोडल्या तर हा बाकडा न्यायचा कुठे, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. तोवर घरात इंटरनेट म्हणजे सुनेचा मोबाइल. जाड भिंतींमुळे त्याला आत रेंज नसायची. जिन्याच्या खिडकीतून हात बाहेर काढला की एक दांडी यायची, म्हणून सून बरेचदा कोणाला तरी टाटा करत असल्यासारखी दिसायची.

"बाबा, नीट चौकशी करून व्यवसायाचं कनेक्शन घेऊ," सून म्हणाली.

"चौकशी बोलणाऱ्यांची करतात," मास्तर म्हणाले. "मालाचा नमुना बघतात."

प्लॅस्टर असो, मेण असो, दातांचा नवा संच असो, मास्तर नमुना वापरून बघितल्याशिवाय काही घेत नसत. इंटरनेटनेही त्याला अपवाद व्हायचं कारण त्यांना दिसेना. डॉक्टरीणबाईंनी सरावाला एका जबड्याची फाईल दिली होती. मास्तरांनी कसोटी ठरवली. सुनेने फाईल उतरवायला घ्यायची, त्याच क्षणी मास्तरांनी वाटी कालवायची. प्लॅस्टर गोठायच्या आत जबडा आला तर माल चांगला, नाही आला तर रामराम. आणि हे कधी? तर सकाळी सहाला. प्लॅस्टरचं काम मास्तर तेव्हाच करत, कारण तेव्हा हात स्थिर असतो, पाणी गार असतं आणि खालचा छापखाना बंद असल्यामुळे जमीन हलत नाही.

आठवड्यात तीन प्रकारचे लोक आले. पहिला सिमकार्डावर इंटरनेट देणारी डबी विकणारा. तो उत्साही होता, सकाळी सहाला यायलाही तयार झाला. डबी जिन्याच्या खिडकीत ठेवली तेव्हा चालली, पण दुसरी वाटी गोठत आली तेव्हा कुठे जबड्याचा शेवटचा दात आला. मास्तरांनी वाटी उपडी करून दाखवली. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण आपण नापास झालो एवढं कळलं.

दुसरा केबलवाला. हा त्याच इमारतीतला, घराघरांत टीव्ही आणि इंटरनेट एकाच वायरीने देणारा. "काका, निम्मी बिल्डिंग माझ्याकडे आहे," तो अभिमानाने म्हणाला. या वाक्यात केवढी मोठी सूचना दडली होती ते मास्तरांना नंतर कळायचं होतं. तो त्याच दिवशी वायर ओढून गेला. दुसऱ्या दिवशी सहाला मास्तरांनी पाणी घातलं, भुकटी टाकली, आणि कालवायला घेतली तोच सून म्हणाली, "आला." वाटीतलं प्लॅस्टर अजून दह्यासारखं होतं.

"बघ!" मास्तर म्हणाले.

"सकाळी सगळंच चांगलं चालतं, बाबा," सून म्हणाली.

मास्तरांना वाटलं ती त्यांच्या लवकर उठण्याचं कौतुक करतेय. "सांगतोय काय मग मी इतकी वर्षं," ते म्हणाले.

तिसरी फायबरची कंपनी. तिचा माणूस दुपारी चारला आला, वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "काका, आमच्यात नमुना वगैरे नसतो. लाइन टाकायची आणि वापरायची." झालं. मास्तरांनी त्याला पाणी विचारलं, चहा विचारला, घरच्यांची खुशाली विचारली, आणि वाटेला लावला. नमुना नाही तर माल नाही. त्या माणसाने जाताजाता सुनेला एक कार्ड दिलं, आणि सुनेने ते मास्तरांना न दाखवता मेणाच्या डब्याखाली ठेवलं. घरात शांतता हवी असेल तर काही कार्डं अशीच ठेवावी लागतात.

डॉक्टरीणबाईंचे पंधरा दिवस सुरू झाले. पहिले दोन-तीन जबडे त्यांनी दुपारी पाठवले, ते सुरळीत आले. मास्तर खूश. मग आला मंगळवार. संध्याकाळी सातला एक वृद्ध गृहस्थ डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत तोंड उघडून बसले, आणि इकडे सुनेने मेणातल्या दातांचं चित्र पाठवायला घेतलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी असते, ती भरत भरत पुढे जाते. ती पट्टी दोन बोटं पुढे गेली आणि थांबली.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"जात नाहीये."

"सकाळी तर दह्यात आला होता!"

"सकाळी आपण घेत होतो, बाबा. आता द्यायचंय. आणि केबलवाल्याने वेग सांगितला तो घ्यायचा. द्यायचा त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही, मी आत्ता विचारलं."

"हे त्याने आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत का?"

"मला काय माहीत त्याचं घेणं वेगळं आणि देणं वेगळं असतं!"

"असतं बऱ्याच जणांचं," मागच्या खोलीतून आवाज आला. मास्तरीणबाईंनी मेणावरची मान वर केली नव्हती.

चाळीस मिनिटांनी वृद्ध गृहस्थ तोंड मिटून घरी गेले. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे बोलल्या. "मास्तर, उद्या संध्याकाळी एक गणिताच्या बाई येतायत. शाळेच्या जिन्यावरून पडल्या, पुढचे चार दात गेले. सोमवारी त्यांना वर्गावर जायचंय. हे काम झालं तर ठीक. नाहीतर मला त्या मोठ्या लॅबला हो म्हणावं लागेल."

बुधवारी संध्याकाळी गणिताच्या बाईंचा जबडा यायचा होता. नुसता यायचा होता, जायचा नव्हता, म्हणून मास्तरांना थोडी आशा होती. सातच्या ठोक्याला त्यांनी वाटी कालवली. गोठली. दुसरी कालवली. तीही गोठली. खालच्या मजल्यावरून टीव्हीवरच्या मालिकेतलं रडणं ऐकू येत होतं, शेजारून क्रिकेटच्या सामन्याचा आरडाओरडा, आणि वरून कोणाच्या तरी खेळातल्या बंदुका. चौथी वाटी दगड झाली तेव्हा पट्टी साठ टक्क्यांवर होती. मग ती तुटली आणि परत शून्यावर आली. बाकड्यावर प्लॅस्टरचे चार गोळे ओळीने बसले होते. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना रडू येत नव्हतं, पण यायला हरकत नव्हती.

"उद्या सकाळी सहाला मी परत घेते," सून म्हणाली.

गुरुवारी सकाळी सहाला तिने घेतलं. मास्तरांनी सवयीने पाणी घातलं, भुकटी टाकली. जबडा आला. वाटी अजून दही.

"म्हणजे कनेक्शन चांगलंच आहे," मास्तर म्हणाले. "काल काहीतरी बिघडलं असणार."

आता मास्तरीणबाई चष्मा काढून पुढच्या खोलीत आल्या. त्या पुढच्या खोलीत येतात तेव्हा काहीतरी सांगायचं असतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. काय सांगायचं असतं ते ऐकायची सवय मात्र नव्हती.

"अहो, कवळी कधी तपासायची?" त्या म्हणाल्या.

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तर."

"घास घेऊन," मास्तर म्हणाले. हे तर त्यांचं शिकवण्यातलं पहिलं वाक्य होतं. "रिकाम्या तोंडात कोणतीही कवळी बसते. घास घेऊन, चावून, बोलून बघावी. मग कळतं."

"आणि तुम्ही हे कधी तपासलंत? सकाळी सहाला. बिल्डिंग झोपलेली असताना. त्या वायरीवर तेव्हा तुमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तुम्ही रिकाम्या तोंडात कवळी बघितलीत, आणि म्हणालात, वा, काय बसलीय!"

सून एकदम पडद्याकडे बघायला लागली. हसू दाबायला पडदा बरा पडतो.

मास्तरांनी कालवणं थांबवलं. चौघापाच शिष्यांना त्यांनी याच चुकीसाठी झापलं होतं. एकाला तर चमचाभर पोहे देऊन परत पाठवलं होतं, हे घे आणि पेशंटला चावायला लाव म्हणून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे वाक्य ते त्या शिष्यांना म्हणत. आता ते कोणी म्हटलं नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

"ते दुपारी चारला आलेल्याचं कार्ड..." मास्तर हळूच म्हणाले.

"मेणाच्या डब्याखाली," सासू आणि सून एकदम म्हणाल्या.

फायबरच्या कार्यालयात काउंटरवर एक पोरगेलीशी बाई होती. मास्तर म्हणाले, "मला चांगलं कनेक्शन हवं." ती म्हणाली, "चांगलं म्हणजे काय ते आधी ठरवू. काका, तुम्ही पाठवता काय? किती वेळा? दिवसाच्या कोणत्या वेळी? घेणं जास्त की देणं? एका वेळी किती यंत्रं लागतात? आणि बंद पडलं तर किती वेळ थांबू शकता?"

मास्तरांचा चेहरा खुलला. इतके प्रश्न तर फक्त ते स्वतः विचारत. पेशंटचं वय काय, जुनी कवळी होती का, कोणत्या बाजूने चावतो. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपल्या भाषेत बोललं असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं, गणिताच्या बाईंसकट.

"मग तुम्हाला घरगुती नको, व्यवसायाचं घ्या," ती म्हणाली. "घेण्याचा आणि देण्याचा वेग सारखा. शेजारच्यांनी संध्याकाळी काहीही बघितलं तरी तुमचा वाटा तुमचाच. आणि बिघडलं तर चार तासांत माणूस येईल, तसं लिहून देतो. पण चार तास तुम्हाला परवडत नाहीत, म्हणून सिमची एक डबी खिडकीत राहू द्या. रोज वापरायला नाही, अडीअडचणीला."

"म्हणजे जादाची कवळी," मास्तर म्हणाले. "शहाणी माणसं एक कपाटात ठेवतात."

"तशीच. तुमच्या इमारतीत खालच्या छापखान्यात आमची लाइन आधीच आहे. उद्या दुपारपर्यंत वर आणतो."

"नमुना..." मास्तर बोलून गेले आणि थांबले. मग म्हणाले, "नमुना छापखान्यात बघता येईल का? संध्याकाळी सातला?"

"खुशाल बघा."

मास्तर वाटी आणि भुकटीचा डबा घेऊन त्या संध्याकाळी छापखान्यात गेले. छापखानेवाल्याने या माणसाचं काही बिनसलंय का असं सुनेला खुणेने विचारलं. सुनेने आपला कॉम्प्युटर त्याच्या लाइनला जोडला. मास्तरांनी वाटीत पाणी घातलं, डबा उघडला, भुकटीत चमचा घातला.

"आला," सून म्हणाली.

"अगं, थांब! मी अजून कालवलं कुठे?"

"आणि परत पाठवलापण."

मास्तर एका हातात पाण्याची वाटी आणि दुसऱ्या हातात कोरडा चमचा घेऊन उभे राहिले. वर टीव्हीवरची मालिका रडत होती, क्रिकेटवाले ओरडत होते, बंदुका चालत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांची वाटी कमी पडली होती. त्यांनी ते पाणी छापखान्याच्या दारातल्या कुंडीला घातलं.

शुक्रवारी लाइन वर आली. सुनेच्या छोट्या यंत्रावर थरावर थर चढून गणिताच्या बाईंचा जबडा तयार झाला होता. मास्तरीणबाईंनी तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "बाईंचा जुना हसरा फोटो मागव गं." डॉक्टरीणबाईंनी तो लगेच पाठवला. वर्गाची सहल असावी. पोरींच्या घोळक्यात मधोमध बाई उभ्या, मोकळ्या तोंडाने हसणाऱ्या. मास्तरीणबाईंनी तो पडद्यावर मोठा करायला लावला आणि शनिवारी दुपारपर्यंत त्या मेणावर वाकून बसल्या.

मास्तर बघायला आले. "डावीकडचा दुसरा दात वाकडा लागलाय," ते म्हणाले.

"लागला नाही, लावलाय."

"सरळ कर. लोक म्हणतील मास्तरांचा हात गेला."

"फोटोत बघा. बाईंचा तसाच होता."

"नवा करतोय तर सरळ नको का करायला?"

"मास्तरांचा हात मास्तरांपाशी राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हा माझा आहे." आणि परत मान खाली घातली.

संध्याकाळी सातला गणिताच्या बाई खुर्चीत बसल्या. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "हं, पाठ..." आणि पुढचं "वा" म्हणायच्या आत चित्र तिकडे पोहोचलं होतं. तिकडे बाईंनी ते निरखून बघितलं. "मंजूर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "करा पक्कं." रविवार भट्टी, घासणं आणि चकाकी करण्यात गेला. दात डबीत बसून सोमवारी सकाळी पहिल्या कुरिअरने दवाखान्यात गेले.

सोमवारी सव्वादहाला सुनेच्या कॉम्प्युटरने घंटी वाजवली. डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ कॉल होता. मास्तरांनी एप्रन झटकला, केसांवरून हात फिरवला आणि पडद्यासमोर ताठ बसले. पासपोर्टच्या फोटोला बसतात तसे.

"मास्तर, आज मुद्दाम दवाखाना लवकर उघडला. म्हटलं, एवढं चांगलं कनेक्शन घेतलंय तर नुसते जबडे कशाला पाठवायचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

पडद्यावर गणिताच्या बाई आल्या. शाळेची पर्स खांद्याला, हनुवटीवर खरचटल्याची खूण. मास्तर पुढे वाकले. त्यांनी बाईंकडे बघितलंच नाही. त्यांनी दातांकडे बघितलं. हिरडीची रेघ, कडांची उंची, चकाकी. "वरचा ओठ जरा उचला," ते म्हणाले.

"अहो, चेहरा बघा," मागून मास्तरीणबाई पुटपुटल्या.

मास्तरांनी चेहरा बघितला. इतक्या वर्षांत पहिला. आपण केलेल्या दातांच्या वर डोळेही असतात, आणि ते भरून येतात, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी लगेच कामाचं विचारलं. "साठपासून सत्तरपर्यंत म्हणा. कवळी सैल असेल तर 'स'ला शिट्टी वाजते."

बाईंनी वर्गात म्हणतात तसे खणखणीत म्हटले. "साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट." मास्तर प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. "सहासष्ट. सदुसष्ट." इथे बाई थांबल्या. "गेला आठवडा मी घरात कोणाशी बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. मग जणू वर्ग समोर असल्यासारखं त्यांनी आकडे पुरे केले. "अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर." एकाही 'स'ला शिट्टी नव्हती.

मग त्या म्हणाल्या, "हा डावीकडचा वाकडा दात... माझा तसाच होता. आईचाही. आरशात बघितलं तर मीच होते. मास्तर, तो तसाच ठेवायचं तुम्हाला कसं सुचलं हो?"

"असू दे, असू दे," मास्तर म्हणाले. सवय होती ती. शब्द तोंडातून निघाले आणि त्यांच्या स्वतःच्याच कानाला कसेसेच लागले. ते खुर्चीवरून उठले. "मी नाही हो, बाई. मी तर सरळ कर म्हणत होतो. दात ही लावते. पहिल्यापासून हीच लावते." आणि त्यांनी मास्तरीणबाईंना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. त्यांच्या बोटांना मेण होतं, चष्मा कपाळावर होता.

"अय्या, तुम्ही!" गणिताच्या बाई म्हणाल्या आणि मोकळ्या तोंडाने हसल्या, फोटोतल्यासारख्या.

मास्तरीणबाईही हसल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, तीत आपण पलीकडच्या माणसाला कसे दिसतो ते दिसतं. मास्तर मागे उभे होते, त्यांना त्या चौकटीत आपली बायको दिसली. बटनाएवढी. आणि त्यांना दिसलं की हसू येताक्षणी तिचा हात उठला आणि तोंडावर गेला. घरात तो हात रोज उठत असणार. मास्तरांनी तो आजवर पाहिला नव्हता.

डॉक्टरीणबाई परत समोर आल्या, मोठ्या लॅबला नकार कळवलाय म्हणाल्या, आणखी तीन जबड्यांचं सांगितलं. सून ते लिहून घेत होती. मास्तर ऐकत नव्हते.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी फळीच्या मागून माप घ्यायचा जुना पत्र्याचा साचा काढला, धुतला, पुसला. मापाची गुलाबी भुकटी हिरव्या वाटीत घेतली.

"आता काय तपासताय?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"इथे उजेडात बस. तोंड उघड."

"माप घेणं डॉक्टरांचं काम आहे."

"बायकोचं मला चालतं. आणि तो कॅमेरा आपल्याकडे नाही. उघड."

त्यांनी तोंड उघडलं. मास्तरांनी साचा बसवला आणि हनुवटीखाली हात धरला. माप गोठायला तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ बोलता येत नाही. मास्तरांना हे चांगलं माहीत होतं. जे बोलायचं ते त्यांनी त्याच तीन मिनिटांत बोलायचं ठरवलं असावं, कारण उलट उत्तर ऐकायची त्यांची छाती नव्हती.

"तो दात वाकडाच बरोबर होता," ते म्हणाले. "उद्यापासून चिठ्ठीवर तुझं नाव पहिलं. आणि हे चार वर्षं राहिलं. चार वर्षं, अगं. समोर दिसत असूनही मी बघितलं नाही."

मास्तरीणबाईंच्या घशातून काहीतरी आवाज आला. तो रागाचा होता की कसला, ते साच्यामुळे कळलं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी आलं आणि मास्तरांच्या बोटांवरून मनगटात उतरलं.

माप केव्हाच गोठलं होतं. मास्तरांनी हात काढला नाही.